लाइट गेली की सिग्नल येतो: घरच्या हवामान यंत्रावरच्या रेघांचा बंदोबस्त

घरातल्या डिस्प्लेवर बाहेरच्या तापमानाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. घड्याळ चालू, आतलं तापमान चालू, बाहेरचा पाऊस, वारा, आर्द्रता मात्र सगळं गायब. चिपळूण आणि आसपासच्या गावांत हा एकच आजार मी इतक्या वेळा पाहिलाय की फोनवर समोरचा "रेंज येत नाही हो" म्हणाला की मी आधी विचारतो, "किती वाजता जाते?" बहुतेकांकडे उत्तर नसतं. आणि खरी मेख तिथेच आहे. सिग्नल कुठल्या वेळी जातो ते कळलं की कारण निम्मं सापडलं, आणि निम्म्याहून जास्त वेळा ते बाहेरचा सेन्सर आणि घरातला डिस्प्ले यांच्यातलं अंतर नसतंच.

आधी लक्षणं. आपलं यातलं कुठलं ते बघा.

- डिस्प्लेवर आकडे आहेत, मोबाइलच्या ॲपवर नाहीत. हा सेन्सरचा प्रश्नच नाही, वाय-फायचा आहे. राउटर बघा, पुढचं वाचायची गरज नाही.
- मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे जातं, उन्हं वर आली की परत येतं.
- दिवेलागणीला जातं, घरात निजानीज झाली की येतं. याचंच दुसरं रूप: लाइट गेली की आकडे हजर!
- सेल बदलल्यापासून एकदाही आलेलं नाही.
- पावसाळा लागला आणि गेलं.
- वेळेचा काही मेळ नाही, दिवसभर ये-जा.
- रेघा फारशा दिसत नाहीत, पण पाऊस गठ्ठ्याने येतो. एका मिनिटात २० मिलिमीटर, मग तासभर शून्य.

दोन दिवस वहीत वेळा लिहून काढा. कॅलेंडरच्या चौकोनात लिहिल्या तरी चालेल. ते न करता थेट शिडी लावणारे खूप भेटलेत.

यंत्र कसं बोलतं तेवढं थोडक्यात सांगतो. बाहेरचा सेन्सर फक्त बोलतो, ऐकत नाही. ठराविक सेकंदांनी, कुठल्या मॉडेलात १६ तर कुठे ४८, तो एक छोटा संदेश हवेत सोडतो आणि गप्प होतो. डिस्प्लेला तो मिळाला की नाही हे त्याला कळत नाही, आणि डिस्प्लेला "पुन्हा सांग" म्हणता येत नाही. एक-दोन संदेश चुकले तर कुणाच्या लक्षातही येत नाही, ओळीने बरेच चुकले की रेघा. अनेक मॉडेलांत सिग्नलच्या चार काड्या म्हणजे सिग्नलचा जोर नसतो. शेवटच्या काही संदेशांपैकी किती पोचले, एवढाच तो हिशेब असतो. चार काड्या असूनही यंत्र अगदी काठावर चाललेलं असू शकतं.

गठ्ठ्याने येणाऱ्या पावसाचं कोडंही यातच सुटतं. बहुतेक सेन्सर "आत्ता इतका पडला" असं सांगत नाहीत, "आजवर एकूण इतका" असं सांगतात. मधले संदेश हरवले तर पाऊस हरवत नाही, पुढच्या मिळालेल्या संदेशात सगळा एकदम जमा होतो. त्यामुळे दिवसाची बेरीज बरोबर असते, तासाचा जोर मात्र खोटा. तेव्हा तसल्या आकड्यावरून ढगफुटी जाहीर करू नका.

डिस्प्ले वीतभर सरकवा

फुकटातला उपाय, म्हणून पहिला. आपल्याकडची बरीच यंत्रं ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. त्या लहरीची लांबी साधारण ६९ सेंटिमीटर. लहरी भिंतींवर, फ्रिजवर, लोखंडी कपाटावर आपटून परततात आणि सरळ आलेल्या लहरींत मिसळतात. काही जागी दोन्ही मिळून जोर वाढतो, काही जागी एकमेकींना खाऊन टाकतात. मेलेल्या जागेपासून चांगली जागा पाव लहरीवर, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटरवर असू शकते. म्हणून डिस्प्ले या खोलीतून थेट त्या खोलीत नेऊ नका. आहे तिथेच वीतभर डावीकडे, वीतभर पुढे असा सरकवा आणि प्रत्येक जागी पाच मिनिटं थांबा.

एका घरी डिस्प्ले स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या मांडणीत, डब्यांच्या रांगेत ठेवलेला होता. तिन्ही बाजूंनी पत्रा, समोर ताटांची चळत. काकूंच्या लेखी ते घड्याळ होतं आणि घड्याळाची जागा ती. ओटीवरच्या खिडकीत नेऊन ठेवलं, तर मिनिटाभरात आकडे आले. काकूंना दुसरं घड्याळ आणून द्यावं लागलं, एवढाच खर्च.

दुसरी चूक नेमकी उलट हुशारीतून होते. सेन्सर गच्चीवर असतो, म्हणून डिस्प्ले त्याच्या बरोबर खालच्या खोलीत ठेवतात, कारण अंतर सगळ्यांत कमी. पण उभ्या अँटेनाचा सिग्नल मेदूवड्याच्या आकाराने पसरतो. अँटेना म्हणजे वड्याच्या भोकातून घातलेली काडी. आडवा भरपूर माल, वर आणि खाली भोक. त्यात मधला स्लॅब, सहा-सहा इंचांवर सळ्यांची जाळी असलेला. डिस्प्ले बाजूच्या खोलीत, खिडकीजवळ नेला की अंतर वाढूनही सिग्नल सुधारतो. आणि डिस्प्ले उभाच ठेवा. पाठीवर आडवा टाकला की त्याची अँटेना सेन्सरच्या अँटेनाशी काटकोनात जाते.

मेन स्विच पाडून बघा

दिवेलागणीला जाणाऱ्यांसाठी. हलक्या प्रतीचे एलईडी दिवे आणि स्वस्तातले ॲडॉप्टर वीज फार वेगाने तोडून-जोडून वापरतात. त्यातून रेडिओ लहरींचा कचरा बाहेर पडतो. चांगल्या मालात तो अडवायला फिल्टर असतो, स्वस्तात तोच वगळलेला असतो. सेन्सर ओरडतोय, पण डिस्प्लेच्या कानाशी दुसराच कुणीतरी डबा वाजवतोय, असा प्रकार.

डिस्प्लेत सेल टाका. रंगीत डिस्प्ले फक्त ॲडॉप्टरवर चालत असेल आणि तो ५ व्होल्टचा असेल तर पॉवर बँक लावा. मग घराचा मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टरही बंद करा, कारण तो स्वतःच या कामात पटाईत असतो. दहा मिनिटांत आकडे आले तर चोर घरात आहे. आता सगळे एमसीबी खाली करून मेन चालू करा आणि एकेक एमसीबी वर करत जा. महावितरणची लाइट गेली की सिग्नल येत असेल, तर ही चाचणी तुमच्यासाठी फुकटात झालेलीच आहे.

एका ओळखीच्यांचं यंत्र ओळीने दोन वर्षं गणपतीत बंद पडलं. पाच दिवस रेघा, विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी ठणठणीत. घरात बरीच थट्टाही झाली. मखराला चिनी एलईडी माळा होत्या, चारही माळांना चार छोटे ॲडॉप्टर, आणि डिस्प्ले मखराच्या मागच्याच कोनाड्यात. माळा चालू असताना डिस्प्ले दहा फुटांवर नेला, काम झालं. माळा बदलायचीही गरज पडली नाही. असल्या कचऱ्याचा जोर अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो, म्हणून आधी डिस्प्ले हलवा, वस्तू नंतर बदला.

टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटरचा ॲडॉप्टर यांच्यापासूनही दोन-तीन हात लांब ठेवा. वायरलेस डोअरबेल आणि फाटकाचे रिमोट अनेकदा याच ४३३ वर असतात, पण ते क्षणभर बोलतात. एखादं बटण अडकून बेल सतत संदेश सोडत राहिली तरच त्रास. असं मी एकदाच पाहिलंय.

पुन्हा जुळवणी

सेल बदलल्यापासून गेलं असेल तर बहुधा एवढंच करायचं असतं. काही सेन्सर सेल काढून घातले की स्वतःला नवा ओळख क्रमांक घेतात, आणि डिस्प्ले जुन्याचीच वाट बघत बसतो.

दोन्हीकडचे सेल काढा, डिस्प्लेचा ॲडॉप्टरही. आधी सेन्सरला सेल घाला, त्याचा बारीक दिवा लुकलुकू द्या. मग डिस्प्ले चालू करा. दोघांत तीन मीटर अंतर असू द्या. अगदी शेजारी ठेवलं तर सिग्नल इतका जोराचा होतो की डिस्प्लेला उलट तो नीट वाचता येत नाही. चालू केल्यावर पहिली काही मिनिटं डिस्प्ले सलग ऐकतो, तेवढ्या वेळात बटणं दाबत बसू नका. इथेच लोकांची घाई नडते.

सेल काढले की सेन्सरमधली पावसाची मोजणी शून्य होऊ शकते, म्हणून आजचा आकडा आधी कागदावर उतरवून घ्या. मी हे काम सकाळी साडेआठ वाजून गेल्यावर करतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो, त्यामुळे नोंदीत खिंडार पडत नाही.

नवीन सेन्सर वेगळा विकत घेतला असेल आणि तो जुळतच नसेल, तर झाकणावरचा आकडा वाचा. ४३३, ८६८ आणि ९१५ हे तीन वेगळे पट्टे आहेत. ४३३ च्या डिस्प्लेला ८६८ चा सेन्सर ऐकूच येणार नाही, बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखे असले तरी. अमेरिकेतून मुलाने आणलेलं यंत्र बहुधा ९१५ चं किंवा त्याच्या आसपासचं असतं. भारतात ८९० ते ९१५ हा पट्टा मोबाइल सेवेसाठी आहे, तेव्हा ते यंत्र इथे न लावलेलंच बरं. हे ऐकून लोकांची तोंडं पडतात, पण माझा इलाज नाही.

सेल

पहाटे जाणाऱ्यांचं दुखणं हेच. बऱ्याच सेन्सरांच्या डोक्यावर सौर पट्टी असते. ती दिवसा आतला कपॅसिटर भरते आणि सेन्सर त्यावर चालतो, सेल नुसते राखीव. रात्री कपॅसिटर रिकामा झाला की भार सेलवर येतो. सेल मेलेले असतील तर तिथून सूर्योदयापर्यंत रेघा. दिवसा सगळं ठीक दिसतं, म्हणून सेलवर संशयच जात नाही. आमच्याकडे जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा हाच सेन्सर भर दुपारीही गप्प होतो.

स्वस्तातले साधे पेन्सिल सेल घालू नका, अल्कलाइन घ्या. साधा सेल मीटरवर १.५ व्होल्ट दाखवतो, पण सेन्सर संदेश सोडतो त्या क्षणी जास्त करंट लागतो आणि सेल खाली बसतो. मीटर लावून बघणाऱ्याला तो क्षण दिसत नाही. अल्कलाइन सेल मीटरवर १.३५ च्या खाली आला की मी काढतो. घड्याळात तो आणखी सहा महिने सुखाने चालेल, तिथे घाला. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असतात. दोन मिळून ३ ऐवजी २.४ झाले, म्हणजे पहिल्या दिवसापासून काठावर. महागडे लिथियम सेल बर्फाच्या प्रदेशात उपयोगाचे, कोकणात त्यावर पैसे घालवायला नकोत. दोन्ही सेल एकदम आणि एकाच कंपनीचे बदला.

स्प्रिंग, ओल आणि मुंग्या

सेन्सर खाली आलाच आहे तर सेलचा कप्पा उजेडात धरून बघा. खाऱ्या हवेत स्प्रिंगवर हिरवट थर चढतो, एखादा जुना सेल फुटलेला असेल तर पांढरी पूड दिसते. दोन्हींमुळे विजेला वाट अरुंद होते, आणि नवे सेलही जुन्यासारखे वागतात. हिरवा थर खोडरबराने किंवा बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. अल्कलाइन सेलच्या पांढऱ्या पुडीवर कापसाने लिंबाचा रस लावा, जरा फसफसेल, मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडं करा. झाकणाच्या रबरी पट्टीला व्हॅसलीनचा हलका हात. स्प्रिंगला लावू नका.

काळ्या मुंग्यांचं वारूळ, पालीची अंडी, कुंभारीण माशीने लिंपलेली माती, हे सगळं मला त्या कप्प्यात सापडलेलं आहे. मुंग्या पट्टीच्या फटीतून शिरतात आणि त्यांनी केलेल्या फटीतून मागाहून पाणी शिरतं.

याच वेळी सेन्सर घरात, डिस्प्लेपासून तीन मीटरवर टेबलावर एक रात्र ठेवा. ही चाचणी अजिबात चुकवू नका. टेबलावर रात्रभर एकही रेघ आली नाही तर सेन्सर आणि डिस्प्ले दोन्ही निर्दोष, दोष जागेचा. टेबलावरही जात असेल तर जागा बदलून, खांब वाढवून काही होणार नाही. शेवटच्या भागाकडे जा.

पावसाळ्यात जातं, पण पावसामुळे नाही

जोराच्या सरीत डिश टीव्ही जातो, म्हणून लोक म्हणतात यंत्रही पावसाने जातं. डिशची लहर अडीच सेंटिमीटरची, पावसाचे थेंब तिला शोषतात आणि विखुरतात. ६९ सेंटिमीटरच्या लहरीला तोच पाऊस जवळजवळ जाणवत नाही. मग जूनमध्येच का जातं?

कारण मे महिन्यात गच्चीवर पत्र्याची शेड उभी राहते. स्लॅब गळतो, वर पत्रे टाकले जातात, आणि आधी गच्चीच्या कठड्यावर असलेला सेन्सर मोकळ्या आकाशासाठी शेडच्या वर, मधोमध जातो. आगोटीच्या धांदलीत सेन्सरचा विचार कोण करतो! रेघा दिसायला लागतात पहिल्या पावसात, आणि नाव पावसाचं होतं. पत्रा लहर शोषत नाही, सरळ परतवून लावतो. खाली बसलेल्या डिस्प्लेला मिळतो तो पत्र्याच्या कडेवरून वळून खिडकीतून आलेला उरलासुरला सिग्नल. प्लास्टिकच्या ताडपत्रीचा मात्र दोष नसतो, तिच्यातून लहर जाते. जांभ्याच्या जाड भिंती पाणी पिऊन फुगल्यावर उन्हाळ्यापेक्षा जास्त सिग्नल खातात, तो भाग थोडासा खरा आहे. गच्चीवरची भरलेली टाकी मध्ये येत असेल तर तीही.

उपाय उंची वाढवण्यात नाही. सेन्सर शेडच्या मधून काढून डिस्प्लेच्या खिडकीच्या बाजूच्या कडेला आणा, असा की सेन्सरपाशी उभं राहिलं तर ती खिडकी दिसेल. त्याहून सोपं म्हणजे अंगणात दोन मीटरचा खांब. पावसाच्या मोजणीलाही अंगण बरं, फक्त जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडा. खोक्यावर छापलेले १०० मीटर हे मोकळ्या मैदानातले असतात, घरातून तेवढे मिळणार नाहीत.

वेळेचा काही मेळच लागत नसेल, तर मी लॅपटॉपला एक आरटीएल-एसडीआर डोंगल लावतो. मुळात टीव्ही बघायची काडी ती. आरटीएल ४३३ नावाचा मोफत प्रोग्रॅम तिच्यावर हवेतले संदेश उलगडून दाखवतो: कुठल्या क्रमांकाच्या सेन्सरचा, किती वाजता, बॅटरी कमी आहे की नाही. एकदा दोन भावांच्या शेजारशेजारच्या घरांत एकाच मॉडेलची यंत्रं निघाली. दोन्ही सेन्सर सारख्याच अंतराने बोलणारे, घड्याळं मात्र किंचित मागेपुढे. सरकत सरकत त्यांचे संदेश एकमेकांवर आदळायला लागले की दोन्ही घरांत रेघा, आणि पुढे सरकून सुटले की दोन्हीकडे आकडे. एकाचे सेल दोन मिनिटं काढून परत घातले तेव्हा ताल बदलला. पुन्हा कधीतरी आदळतील, तेव्हा पुन्हा काढायचे. भावाभावांत भांडण नव्हतं ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

इथे थांबा

जून ते सप्टेंबर ओल्या पत्र्यावर किंवा शेवाळलेल्या स्लॅबवर चढू नका. चार महिने पाऊस बादलीत मोजलेला परवडला. चढायचंच असेल तर पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा, त्याला कुठल्या वाशावर पाय द्यायचा ते माहीत असतं. खांब विजेच्या तारेजवळ असेल, पडला तर तारेपर्यंत पोचेल इतका जवळ असेल, तर हात लावू नका, महावितरणला कळवा. परतीच्या पावसात कडाडायला लागलं की कुठल्याच लोखंडी खांबापाशी जायचं नाही. उंच खांबाचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. एमसीबी वर करताना एखादा पुन्हा पुन्हा पडला किंवा जळका वास आला, तर सिग्नल विसरा आणि इलेक्ट्रिशियनला फोन करा. सिग्नल वाढवणारा बूस्टर कुणी विकायला आला तर घेऊ नका.

नवे सेल, स्वच्छ स्प्रिंग, नवी जुळवणी, तीन मीटर, आणि तरीही एक दिवसात काही आलं नाही, तर सर्किट गेलंय. वॉरंटी असेल तर स्क्रू सोडवू नका, विकणाऱ्याकडे न्या. वॉरंटी संपली असेल तर आधी सुट्या सेन्सरची किंमत विचारा आणि मगच दुरुस्तीला द्या. टीव्ही-मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला एवढंच बघायला सांगा: सर्किटवर डाग दिलेली अँटेनाची तार तुटलीय का. तीच तुटलेली असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. नवी तार तेवढ्याच लांबीची हवी, ४३३ ला साधारण १७ सेंटिमीटर. लांब ठेवली तर जास्त लांब पोचेल म्हणून एकाने ती चांगली दोन फूट ठेवून खांबाला गुंडाळली होती. ती मी कापली.